माळ आहे म्हणालो आणि फसलो

पुण्यात शिकायला येणाऱ्या, न पिणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. दारू चांगली की वाईट, यात मला पडायचं नाही. ते तुम्ही घरून ठरवूनच आला असाल. खरी अडचण येते ती पहिल्यांदा कुणी "आज बसायचं का?" म्हणतं तेव्हा.

मी वर्ध्याचा. आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी. त्यामुळे कर्वेनगरच्या फ्लॅटवर पहिला टोमणा तोच आला, "भाऊ, तुमच्याकडे मिळत नाही म्हणून पीत नाहीस ना?" मिळते हो बाप्पा, सगळं मिळते, फक्त लपून आणि चढ्या भावाने. मी नुसता हसलो.

जुलैअखेर आलो आणि आठवड्याभरात गटारी. हॉलमध्ये पेपर अंथरलेला, त्यावर फरसाण, खारे दाणे, चिरलेला कांदा आणि मधोमध खंबा, म्हणजे दारूची मोठी बाटली. सीनियरने प्लास्टिकचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "नको," म्हणालो. "का?" इथे मी माती खाल्ली. म्हणालो, "माझी माळ आहे."

माळ आजोबांची. माझ्या गळ्यात साधा काळा दोराही नव्हता. "दाखव की!" "तुटली, ओवायला दिलीय." सगळे गप्प झाले, ग्लास मागे गेला. मला वाटलं, जमलं.

पुढच्या रविवारी मनपाहून बस धरून आळंदीला गेलो आणि तुळशीची माळ विकत आणली. माळ आली म्हणजे चिकन गेलं, मासे गेले, अंडंही गेलं. मेसमध्ये रविवारी सगळे रस्सा ओरपायचे आणि मी खोडरबरासारखं पनीर चावत बसायचो. असे अडीच महिने काढले. शेवटी सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला गाडीवर डबल अंडाभुर्जी-पाव घेतला. पहिला घास तोंडात, तोच मागून आवाज, "राम कृष्ण हरी, माउली!" तोच सीनियर.

माउली हे नाव वर्षभर चिकटलं. त्याचं काही नाही. त्रास वेगळाच झाला. माळ खोटी निघाल्यावर माझा नकारही खोटा ठरला. "माळ नाटकी होती ना? मग आता घे." आधी विचारायचे, आता ओतायला लागले. दिवाळीत घरी गेल्यावर आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ माळेकडे बघत बसले, मग म्हणाले, "हे काय दारूची लस हाय का बे?" आणि माळ देवघरात ठेवून दिली. मला अजून ते आठवलं की कान गरम होतात.

म्हणून कळकळीने सांगतो, कारण देऊ नका. कुठलंच. कारण दिलं की समोरचा कारणाशी भांडतो आणि प्रत्येक कारणाला तोड असते. औषध चालू आहे? "कोर्स कधी संपतोय?" श्रावण? "मग गणपतीनंतर बसू." ॲसिडिटी? "व्होडका घे, लाइट असते." घरी कळेल? "घरचे इथे कुठे आलेत?" कायद्याचं कारणही नको. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना. हे खरं आहे आणि तुमच्यापैकी बहुतेकांना लागूही आहे. पण कारण म्हणून सांगितलंत की तुमच्या पंचविसाव्या वाढदिवसाला खंबा घेऊन दारात उभे राहतील.

"नको"ही म्हणू नका. नको आजपुरतं असतं. "मी पीत नाही" म्हणा आणि लगेच दाण्यांकडे हात न्या. परत विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. माझा आवाज अजूनही जरासा कापतो, तुमचाही कापेल, काही बिघडत नाही. दुसऱ्या पेगनंतर तुमच्या ग्लासात काय आहे याची कुणाला शुद्ध नसते.

एक फुकटचा सल्ला हमखास मिळेल, "एक घोट घे आणि ग्लास धरून बस, कुणाला कळत नाही." हा सल्ला देणाऱ्या सीनियरकडून जर्नल घ्या, नोट्स घ्या, आयुष्याबद्दल काही घेऊ नका. ग्लास अर्धा दिसला की भरला जातो. त्यापेक्षा पहिल्या मिनिटाला स्वतःच लिंबू-सोडा भरून घ्या.

पैशांचं आधीच बोला. एकदा बाणेरला सात जणांचं बिल ४,९०० आलं. मी एक सोडा आणि अर्धी प्लेट मंचुरियन खाऊन ७०० कॉन्ट्री दिली, कारण तोंड उघडायची लाज वाटली. आता जायच्या आधीच ग्रुपवर टाकतो, "माझं फक्त खाण्याचं धरा." एकाने तोंड वाकडं केलं. करू दे.

गाडी चालवायचं काम आपसूक तुमच्यावर येतं. प्यायलेल्याच्या मागे कधीच बसू नका, याबाबत भीडभाड नको. पहिल्यांदा पकडलं तरी चालवणाऱ्याला १०,००० रुपये दंड होतो, आणि दंड झाला तर नशीब म्हणायचं. पण दर शनिवारी तिघांना तीन टोकांना सोडायचा मक्ताही घेऊ नका. रिक्षा असतात.

खोटा दिलासा देत नाही. पहिल्या सेमिस्टरला दोनदा मला न सांगता सगळे बसले. सकाळी किचनमध्ये बाटल्या दिसल्या तेव्हा पोटात खड्डा पडला होता. पण त्यातलेच दोघे आता मला हक्काने बोलावतात. एक जण रोज घ्यायला लागला, त्याला सुधारायच्या भानगडीत मी पडलो आणि आमचं बोलणं तुटलं. ते आपलं काम नव्हे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अशा मित्राने विचारलं तर नाव सांगा.

आणि निघायची सोय स्वतःची ठेवा. मी साडेदहाला उठतो. "उद्या सकाळी लवकर उठायचंय रे," असं अजूनही तोंडातून निघतंच. दुसऱ्या दिवशी रविवार असतो.