भाच्यांना १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ दाखवायचा असेल तर

आधी पंखा बंद करा. दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या या सिनेमात, नामावली सोडली तर, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. सुरुवातीला दफन चाललेलं असतं आणि शवपेटीवर मातीचं ढेकूळ आदळतं, तो बद्द आवाज ऐकू आलाच पाहिजे. गेल्या मे महिन्यात आमचा पंखा घरघरत होता आणि ताईने ऐनवेळी सगळ्यांना वाटीवाटी चिवडा दिला. ते दफन चिवड्यातच गेलं. खाणं आधी उरकून घ्या, सिनेमा जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे.

एक माणूस पडद्याबाहेर येऊन ‘घाबराल हं’ असं बजावतो, तिथे पोरं हसतील. हसू द्या. प्रयोगशाळेत ठिणग्या उडायला लागल्या की आपोआप गप्प होतात. ती यंत्रं केनेथ स्ट्रिकफाडन नावाच्या गड्याने जमवलेली. ‘यात नेमकी कुठली वीज?’ असं थोरल्याने विचारलं तर उत्तर देत बसू नका. मी बसलो आणि प्रेत हात हलवतं तो क्षण हुकला.

त्या प्रेतातून जिवंत झालेला राक्षस पहिल्यांदा येतो तेव्हा मात्र रिमोट हातात ठेवा. तो दारातून पाठमोरा आत येतो, हळूच वळतो आणि कॅमेरा झटक्याझटक्याने त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. हे मागे नेऊन दोनदा दाखवा. लगेच पुढे छताची झडप उघडते, वरून उजेड येतो आणि तो दोन्ही हात वर करून उजेड धरायला बघतो. झडप मिटते, हात तसेच. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या हातांत आहे. इथे कुणी बोललं तर मी डोळे वटारतो.

प्रत कुठली आहे ते आधी एकट्याने बघून ठेवा. तळ्याकाठी राक्षस मारिया नावाच्या चिमुरडीबरोबर पाण्यात फुलं सोडतो, फुलं संपतात, मग तीही तरंगेल अशा समजुतीने तिलाच पाण्यात टाकतो. जुन्या प्रतींत सेन्सॉरमुळे प्रसंग त्याचे हात तिच्याकडे जातात तिथेच तुटायचा आणि बघणारा भलतंच काहीतरी समजायचा. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. तोडलेली प्रत दाखवू नका. आणि दहा वर्षांच्या आतलं पोर असेल तर तळ्याआधी त्याला जवळ ओढून बसवा.

राहिलं नाव. फ्रँकेन्स्टाइन हा शास्त्रज्ञ. राक्षसाला नावच नाही. सुरुवातीच्या नामावलीत त्याच्यासमोर नुसतं प्रश्नचिन्ह आहे, तिथे पॉज करून पोरांना दाखवा. धाकटीने विचारलं, “मामा, मग त्याला हाक कशी मारायची?” म्हटलं, शेवटपर्यंत थांब. शेवटच्या यादीत राक्षस साकारणाऱ्या बोरिस कार्लोफचं नाव येतं. राक्षसाचं स्वतःचं तिथेही नाही.