छोट्या धंद्याची वेबसाइट: डिझायनरकडे जाण्याआधी काय ठरवाल

वेबसाइट करायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "किती घेतो?" आणि दुसरा, "कोणाकडून करून घेतलीत?" साइटवर नेमकं काय असणार, हे मात्र डिझायनरवर सोडलेलं असतं. मग तो बिचारा वर सरकत्या फोटोंची पट्टी टाकतो, 'आमच्याविषयी'मध्ये गुणवत्ता आणि विश्वास यांवर दोन परिच्छेद लिहितो, आणि ग्राहक शेवटी फोन करून विचारतोच, "भाजणी कशी किलो?" हा फोन वाचावा म्हणून तर साइट करायची. तेव्हा पैसे मोजण्याआधी थोडं काम घरीच उरकून घ्या.

समजा, तुमचा इंदूरला रामबागेत घरगुती फराळाचा आणि मसाल्यांचा उद्योग आहे. शिकवणीचे वर्ग असोत की ब्लाउज शिवण्याचं दुकान, तयारी साधारण हीच.

सुरुवात वहीपासून

फोनजवळ एक वही ठेवा आणि पंधरा दिवस लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गप्पाही चाळा. पानं साधारण अशी भरतील: "अनारसे आज मिळतील की ऑर्डर द्यावी लागते?" "चकली कुठल्या तेलात तळता?" "गाडी दारापर्यंत येते का?" "विजयनगरला घरपोच देता?" "पुण्याला मुलाकडे पाठवायचंय, दिवाळीआधी पोचेल ना?"

हीच तुमच्या साइटची अनुक्रमणिका. जो प्रश्न रोज येतो त्याचं उत्तर पहिल्या पानावर, वरच्या भागात. जो एखाद्यानेच विचारला, त्याच्यासाठी वेगळं पान करू नका.

वही वाचताना लक्षात येईल की गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची आहेत. गावातल्याला वेळ, रस्ता आणि फोनचं बटण हवं असतं. पुण्या-बंगळुरूला स्थायिक झालेल्या इंदूरकराला पदार्थ किती दिवस टिकतो, पार्सलचा खर्च किती आणि पैसे कसे द्यायचे, हे हवं असतं. पहिल्याच पानावर दोघांसाठी दोन वेगळ्या वाटा ठेवा.

ऑनलाइन दुकान लगेच नको

माझं मत विचाराल तर सुरुवातीला भावासकट यादी आणि खाली व्हॉट्सॲपवर ऑर्डर देण्याचं बटण एवढं पुरे. पदार्थ वीस-पंचवीस, त्यातले काही ऑर्डरीवरच, आणि लाडू संपले की साइटवर 'संपले' करायला माणूस नाही. अशात गिऱ्हाइकाने पैसे भरून ठेवले की परताव्याची कटकट मागे लागते. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साइटवरून गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणाऱ्या कंपन्या, कार्डाच्या व्यवहारावर साधारण दोन टक्के कापतात, शिवाय मंजुरी देण्याआधी परतावा, गोपनीयता आणि संपर्क यांची पानं बघतात. यूपीआयच्या क्यूआरवर दुकानदाराला शुल्क नाही. ऑर्डरी हाताबाहेर जायला लागल्या की खुशाल गेटवे घ्या.

पुण्याच्या पार्सलची मात्र एक मेख आहे. जीएसटी नोंदणीसाठी मालविक्रीची ४० लाखांची जी मर्यादा सांगतात, ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी. फराळ मध्य प्रदेशाबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. म्हणून 'भारतभर पाठवतो' असं साइटवर मिरवण्याआधी सीएशी बोला. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या नोंदणीचा किंवा परवान्याचा, १४ अंकी क्रमांक, पाकिटाचं वजन आणि सगळे कर धरून असलेली किंमत पदार्थाशेजारीच लिहा. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रार कुठे करायची हेही दिसायला हवं.

मजकूर तुम्हीच लिहा

डिझायनर रंग निवडेल, पण चकलीबद्दल तो काय लिहिणार? "पारंपरिक चवीची कुरकुरीत चकली" असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. त्याऐवजी असं लिहा: "भाजणीची चकली. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने, जिरे. शेंगदाणा तेलात तळलेली. अर्धा किलोचं पाकीट. हवाबंद डब्यात तीन आठवडे टिकते. एक दिवस आधी सांगावं लागतं." शेवटी भाव. वहीतले चार प्रश्न इथेच मिटले.

फोटो स्वतःच्या मालाचे हवेत, इंटरनेटवरून उचललेले नकोत. सकाळी खिडकीशेजारी, साध्या स्टीलच्या ताटात ठेवून काढा. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो दोनशे केबीच्या आसपास आणायला डिझायनरला बजावा, नाहीतर कमी रेंजमध्ये पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

भाषेचा प्रश्न इंदुरात सुटायला अवघड नाही. तुमचं निम्मं गिऱ्हाईक हिंदी बोलतं, तेव्हा यादी हिंदीत ठेवा आणि पदार्थांची मराठी नावं तशीच राहू द्या. मराठी पान जोडायचं असेल तर तेही पूर्ण भरा. अर्धवट पान वाईट दिसतं.

पत्त्यात नुसतं 'रामबाग' लिहून भागत नाही. जवळची खूण, नकाशाची लिंक आणि चारचाकी कुठे थांबवायची, तीनही द्या. सुट्ट्या आधीच लिहून ठेवा: रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते आणि अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, त्या दिवशी राजवाड्याकडचा रस्ता गाडीने गाठायची सोय नसते. गूगलवरची दुकानाची नोंद फुकट होते, तीही करा. तिथल्या वेळा आणि साइटवरच्या वेळा जुळल्या पाहिजेत.

नाव कोणाच्या नावावर?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, डिझायनरच्या ईमेलवर घेतलं जातं, दोन वर्षांनी तो शहर सोडतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते आणि एक दिवस साइट बंद. डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशांनी घ्या. पहिल्या वर्षाचा भाव बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षी किती लागतील ते विचारा. फुकटच्या साइटवरही विसंबू नका. गूगलच्या दुकान-नोंदीसोबत मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, आणि ज्यांनी त्याच पत्त्याची कार्डं छापली होती त्यांची ती वाया गेली. '.भारत' हे देवनागरी नाव २०१४ पासून मिळतं. हौस म्हणून जरूर घ्या, पण फोनवर पत्ता टाइप करणारे लोक इंग्रजी अक्षरंच दाबतात, म्हणून मुख्य नाव '.इन' किंवा '.कॉम'चं, छोटं आणि फोनवर एकदा सांगून कळेल असं असू द्या.

साइट तयार झाली की शेजारच्या काकूंच्या हातात त्यांचाच फोन द्या आणि सांगा, "अर्धा किलो चकली मागवून दाखवा." मध्ये बोलू नका, फक्त बोट कुठे अडतंय ते बघा. तेवढं दुरुस्त करून घ्या, मग डिझायनरचा शेवटचा हप्ता द्या.