पंजा मुरगळलाय म्हणून चोळत बसू नका

दोन वर्षांपूर्वी सांगलीत कृष्णेच्या घाटावर शेवटची पायरी चुकली आणि पंजा खाली दुमडला. जवळच्या दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला. "हाड शाबूत आहे, मुरगळलाय," म्हणाले. आठ दिवस मी तेल लावून चोळत होतो. त्या आठ दिवसांची हळहळ अजून आहे.

तळव्याच्या मधोमध काळंनिळं पडलं असेल आणि पाय टेकवत नसेल, तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. बोटांकडची लांब हाडं पंजाच्या मधल्या हाडांना जिथं जुळतात, त्या सांध्याला लिसफ्रँक म्हणतात. इथं दुखापत झाली असली, तरी हाडं आडवं झोपल्यावर जागेवर दिसू शकतात, भार पडला की फाकतात. म्हणून उभ्यानं, दोन्ही पायांचा एक्स-रे काढता येईल का, ते विचारा. उभं राहवत नसेल तर सीटी स्कॅनचं विचारा. माझी फट मिरजेत उभ्यानं काढलेल्या एक्स-रेतच दिसली.

हाडं सरकलेली असली की ऑपरेशन लागतं, पण "उद्याच करा" म्हणून मागे लागू नका. सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम चिघळते. सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. मला दहा दिवस लागले. बायको उशीखाली ज्वारीचं अर्धं पोतं सरकवायची. याच दिवसांत शुगर आटोक्यात आणा, तंबाखू-मिश्री बंद करा. तंबाखूनं हाड जुळायला फार वेळ लागतो.

कमरेत इंजेक्शन देऊन माझ्या पायात दोन स्क्रू आणि दोन तारा घातल्या. पुढं सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता, टाचसुद्धा नाही. घरी येण्याआधीच पायपुसणी उचलून ठेवा, वॉकर आणि कमोडची खुर्ची आणा. तारांची टोकं बाहेर असतात, ती भिजू देऊ नका. पू, लाली किंवा ताप आला, बोटं बधिर झाली, पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला तर क्षणभरही थांबू नका.

तारा निघाल्यावर फिजिओथेरपीच्या ताईंनी वजनकाटा पुढ्यात ठेवला. चांगला पाय जमिनीवर, ऑपरेशनचा काट्यावर. दहा किलोपर्यंत दाबायचं आणि थांबायचं. चार दिवसांनी पंधरा. रात्री पाय सुजला, तर दुसऱ्या दिवशी आकडा वाढवायचा नाही.