सिलिकाच्या नॅनोकणांवर अमिनोसायलेन चढवण्याआधी

कणाच्या पृष्ठभागावर बसवायचा रेणू त्याला कुठल्या टोकाने धरणार, हे पहिल्यांदा ठरवा. सोन्यासाठी थायॉल, टायटॅनियम डायऑक्साइडसाठी फॉस्फोनिक आम्ल, लोहाच्या ऑक्साइडसाठी कॅटेकॉल, सिलिकासाठी सायलेन (सिलिकॉनचं टोक असलेला रेणू). इथे सिलिका आणि नेहमीचा एपीटीईएस (अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सीसायलेन, म्हणजे दुसऱ्या टोकाला अमाइन गट असलेला सायलेन) धरला आहे. त्याला तीन इथॉक्सी गट असतात. ओल जास्त झाली की ते आपापसांतच जुळतात, एकेरी थराऐवजी जाड पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांना चिकटतात. एकच इथॉक्सी गट असलेला सायलेन घेतला तर हे टळतं, पण पकडही एकाच बंधाची राहते.

म्हणून साताऱ्यात जून ते सप्टेंबर हे काम करायचं असेल तर अर्धी तयारी पाण्याच्या बंदोबस्ताची. मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे सच्छिद्र खडे) ३०० अंशांना तापवा. साध्या ओव्हनचे ११० अंश पुरत नाहीत, मफल भट्टी (जास्त तापमानाची बंद विद्युत भट्टी) लागते. ते डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात) गार करून टोल्युइनमध्ये, म्हणजे अभिक्रियेच्या द्रावकात, किमान २४ तास ठेवा. सिलिका ११० ते १२० अंशांना व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवा. २०० अंशांच्या वर नेऊ नका, सायलेनला धरणारे सिलॅनॉल गटच (सिलिकाच्या पृष्ठभागावरचे Si–OH) कमी होऊ लागतात. रात्री लाइट गेली आणि ओव्हन गार पडला तर पुन्हा सुकवा. कंडेन्सरच्या तोंडाला कॅल्शियम क्लोराइडची नळी हवीच, ती हवेतली ओल अडवते. सायलेनची बाटली फ्रिजमधून काढली तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका. आतला द्रव गढूळ दिसला तर तो वापरू नका.

मात्रा अंदाजाने घेऊ नका. १०० नॅनोमीटर व्यासाच्या, छिद्रं नसलेल्या कणांची घनता २ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर १ ग्रॅमला साधारण ३० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. दर चौरस नॅनोमीटरला ३ रेणू धरले तर ०.१५ मिलिमोल, म्हणजे सुमारे ३५ मायक्रोलीटर सायलेन. प्रत्यक्षात १०० मायक्रोलीटर घ्या. मिलिलीटरच्या हिशेबात ओतलेला जादा सायलेन धुऊन निघता निघत नाही. सायलेन घालण्याआधी कण ५० मिलिलीटर टोल्युइनमध्ये अर्धा तास सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी सुटे करा), नाहीतर सायलेन फक्त गुठळ्यांच्या बाहेरून बसेल. हे सगळं फ्यूमहूडमध्ये, आणि तापवायला हीटिंग मँटल. उघडी ज्योत नको.

धुण्यासाठी टोल्युइन आणि इथेनॉल आधीच मोजून ठेवा. सोबत सायलेन न घालता तशीच हाताळलेली सिलिका ठेवा, तिच्याशिवाय कुठल्याच निकालाला अर्थ नाही. अमाइन ओळखणाऱ्या निनहायड्रिनचा जांभळा रंग ही सोपी चाचणी, पण न चिकटलेला सायलेनही तो देतो. म्हणून शेवटच्या धुवणाचीही चाचणी घ्या. आयआरसाठी (इन्फ्रारेड वर्णपटासाठी) नमुन्यात मिसळायचं केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) कोरडं हवं: पाण्याचा १६३० सेमी⁻¹ जवळचा पट्टा अमाइनच्या १६०० जवळच्या पट्ट्यावर चढतो. झीटा पोटेन्शियल (द्रवातल्या कणाच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) पीएच ७ ला ऋणावरून धनावर गेलं पाहिजे.

तयार कण पाण्यात साठवू नका. प्रोपिल साखळीच्या टोकाचा अमाइन मागे वळून स्वतःचाच सायलॉक्सेन बंध (सिलिकाशी जोडणारा Si–O–Si) तोडायला मदत करतो. कोरडे करून डेसिकेटरमध्ये ठेवा.