डीपीच्या कार्यक्षमतेचं मॉडेल करताय? या चुका टाळा

तासगावकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या डीपींवर, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांवर, मी पहिल्यांदा मॉडेल बसवलं, तेव्हा एका ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता 130 टक्के आली. मीटरला जोडलेली सीटी (करंट कमी करून मीटरला देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) 150/5 ची, म्हणजे मीटरच्या आकड्याला गुणक 30. नोंदीत 40 पडला होता. ही चूक बरी, निदान डोळ्यात तरी खुपते.

सरासरी लोडची चूक खुपत नाही. कॉपर लॉस, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीत तापून वाया जाणारी वीज, लोडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, आयर्न लॉस (लोखंडी गाभ्यातला तोटा) 200 वॅट आणि पूर्ण लोडवरचा कॉपर लॉस 1600 वॅट. आठ तास मोटारी चालल्या, लोड 90 टक्के. उरलेले सोळा तास शून्य. दिवसाची सरासरी 30 टक्के. तिचा वर्ग करून कॉपर लॉस निघतो 144 वॅट. तासातासाने वर्ग करून मग सरासरी काढा, 432 वॅट येतात. तिप्पट! घरगुती फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) एवढी तफावत येत नाही, म्हणून तिथलं गणित शेतीच्या डीपीला लावायचं नाही. निदान पंधरा मिनिटांच्या नोंदी मिळवा.

त्या सोळा तासांतलं शून्य कसलं, तेही बघा. मोटारी बंद पण लाईन चालू असेल, तर आयर्न लॉस होतच राहतो. फीडरच बंद असेल तर तोही नाही. आयर्न लॉस दिवसाला 4.8 युनिट की 1.6, हे त्यावर ठरतं. लोडच्या रकान्याशेजारी व्होल्टेजचा रकाना हवाच.

ट्रान्सफॉर्मरच्या आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज मोजणाऱ्या दोन मीटरच्या युनिटांचा भागाकार करून कार्यक्षमता काढणं मला पटत नाही. तोटा मुळात दीड-दोन टक्के आणि 0.5 क्लासच्या (अर्धा टक्का चूक चालणाऱ्या)  दोन्ही मीटरांची चूक उलट दिशांना गेली तर एक टक्का तिथेच गेला. त्यापेक्षा नो-लोड टेस्टमधून आयर्न लॉसचे आणि शॉर्ट सर्किट टेस्टमधून कॉपर लॉसचे वॅट घ्या, कॉपर लॉसचा आकडा 75 अंश सेल्सिअस तापमानाला बदलून घ्या आणि तोट्याचंच मॉडेल करा.

वयाचा रकाना तर फसवाच. प्लेटवर जुनं साल असतं, आत वाइंडिंग (तारांची गुंडाळी) मात्र गेल्या वर्षी भरलेलं. शिवाय जळालेले डीपी यादीतून गळतात, उरतात ते दणकट, आणि मॉडेल सांगतं की जुने ट्रान्सफॉर्मर चांगले! रिपेअरिंगचं रजिस्टर मागून घ्या. कळकट असतं, पण दुरुस्तीची तारीख तिथेच सापडते.