झाडीपट्टीच्या नाटकाला लाइट लावताय? या चुका टाळा

झाडीपट्टी म्हणजे आपला पूर्व विदर्भाचा धानपट्टा. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांचे (बैलांच्या शर्यतींचे) दिवस लागले की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावी. संध्याकाळी सामान उतरतं, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. मधल्या तीन-चार तासांत धानाच्या बांधीत, म्हणजे शेतातच, लाइट उभे करायचे. चुका होतात, आणि गंमत म्हणजे दरवर्षी त्याच होतात.

पहिली माझीच सांगतो. एका गावात सगळे पार कॅन (डब्यासारखे स्टेज लाइट) रंगमंचाच्या बरोब्बर डोक्यावरच्या बल्लीला (लाकडी वाशाला) टांगले. उजेड रग्गड, पण आईचं काम करणारी बाई पुढे आली की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. मागून आवाज आला, "अजी, तोंडच नाही दिसून राह्यला जी!" घाबरून फूट लाइट वाढवले, तर तिची सावली मागच्या महालाच्या पडद्यावर छतापर्यंत चढली.

तेव्हापासून एकच माप धरतो : दिवा चेहऱ्याच्या जितका वर, तितकाच पुढे. बल्ली रंगमंचाच्या फळ्यांपासून 12 फुटांवर आणि चेहरा 5 फुटांवर असेल, तर उरले 7. म्हणून दिवा पात्राच्या 7 फूट पुढे. पात्रं बहुतेक माईकजवळच उभी राहतात, तेव्हा माप तिथूनच घ्या. एक दिवा डावीकडून, एक उजवीकडून. समोरची बल्ली वेगळी रोवावी लागते आणि मंडपवाला कुरकुर करतो. करू द्या.

रंगाचा सोस दुसरा. खून झाला की सगळा रंगमंच लाल, हा हट्ट दिग्दर्शक सोडत नाहीत. पण हिरवं कापड लाल उजेड परतवतच नाही, त्यामुळे हिरवं लुगडं काळं पडतं. निळ्या उजेडात लाल शालूची तीच गत. लाल-निळं मागून आणि विंगेतून सोडा, समोरचा उजेड साधा किंवा फिका पिवळा ठेवा. संध्याकाळीच कपड्यांची पेटी उघडायला लावून एकदा बघून घेतलं तर रात्री हसं होत नाही.

एलईडी पार लुकलुकतोय? बहुतेक वेळा तो डिमरवर (दिव्याची वीज कमी-जास्त करणाऱ्या पेटीवर) जोडलेला असतो. त्याला थेट लाइन द्या, उजेड कमी-जास्त लाइटच्या कंट्रोल बोर्डावरून करा. दोन पार एकाच वेळी एकच रंग दाखवत असतील तर दोघांचा पत्ता, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा चॅनल नंबर, एकच पडलाय. सात चॅनलचे असतील तर पहिला 1, दुसरा 8, तिसरा 15. माईकमध्ये घूं-घूं येत असेल तर साउंड आणि डिमर वेगवेगळ्या फेजवर घ्या, त्यांच्या वायरी शेजारी-शेजारी पसरू नका.

विजेचा हिशेब मात्र तोंडी करू नका. 1000 वॅटचा एक हॅलोजन 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर ओढतो. 16 अँपिअरच्या सॉकेटवर तीन लावा, चौथा नको. जनरेटरवर सगळे एकदम पेटवू नका; दिव्यातली थंड तार सुरुवातीला कितीतरी जास्त करंट खाते, म्हणून डिमर हळूहळू चढवा. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल ढिला राहिला तर एखाद्या फेजवर 400 च्या आसपास व्होल्टेज जाऊन दिवे पटापट उडतात. तो स्क्रू कसलेल्या वायरमनकडूनच आवळून घ्या, तोही पुरवठा बंद करून.

पहाटे तीनच्या सुमारास दव पडतं. जोड जमिनीवर असतील तर ओले होतात. विटांवर ठेवा, वर प्लास्टिक झाका, ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला असू द्या. बसायला अंथरलेली तणस (धानाचा पेंढा) आणि कापडी झालर हॅलोजनपासून निदान चार हात लांब हवी.

आणि ब्लॅकआउटचं वेड आवरा. मैदानात चहाच्या टपरीचा बल्ब असतो, फुगेवाल्याचे झगमगते दिवे असतात. त्यात तारीख पौर्णिमेजवळची असली तर मेलेला खलनायक उठून विंगेत जाताना अख्ख्या गावाला दिसतो. त्यापेक्षा सरळ पडदा पाडा.