ज्येष्ठांसाठी सिग्नलची वेळ वाढवून कशी घ्यावी

‘आमच्या भागातल्या ज्येष्ठांची रस्ता ओलांडताना फार गैरसोय होते’ असा अर्ज फाइलीत जाऊन पडतो. ‘या चौकात पायी चालणाऱ्यांना 12 सेकंद मिळतात, 20 हवेत’ हा अर्ज टाळणे अवघड जाते. म्हणून आधी मोजमाप, सह्या नंतर.

एकच चौक निवडा. दवाखाना, बाजार किंवा बसथांबा पलीकडे असलेला उत्तम. पाच चौकांची यादी दिली तर त्यातला सर्वांत सोपा निवडून बाकीचे विसरले जातात.

रस्त्याची रुंदी पहाटे, वाहने नसताना मोजा. टेप झेब्रा पट्ट्यांवरून, या फुटपाथच्या कडेपासून त्या कडेपर्यंत लावा. तिरक्या चौकात पट्टे रस्त्याहून लांब असतात आणि चालावे लागते ते पट्ट्यांवरून. मग स्टॉपवॉच घेऊन स्थिर हिरवा आणि लुकलुकणारा हिरवा यांची वेळ वेगवेगळी लिहा. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ, प्रत्येक वेळी सलग पाच फेऱ्या नोंदवा. बऱ्याच सिग्नलांचे वेळापत्रक तासागणिक बदलते. दुपारचा आकडा संध्याकाळी लागू पडेलच असे नाही.

आता चालण्याचा वेग. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे पुष्कळ ठिकाणी धरतात. इंग्लंडमध्ये 65 वर्षांवरील लोकांच्या एका पाहणीत सरासरी वेग पुरुषांचा 0.9 आणि स्त्रियांचा 0.8 मीटर निघाला. म्हणजे 14 मीटरच्या रस्त्याला हिशेबात 12 सेकंद, प्रत्यक्षात या स्त्रियांना साडेसतरा. पण अर्जात स्वतःचे आकडे हवेत. सपाट, सुरक्षित जागी खडूने 10 मीटर आखा आणि तयार असलेल्या 20 ज्येष्ठांना नेहमीच्या चपला, काठी, पिशवीसह चालायला सांगा. सुरुवात उभ्या स्थितीतून, कारण सिग्नललाही माणूस उभाच असतो. ‘जरा भरभर चाला’ म्हणू नका. कोणी बघतेय म्हटल्यावर माणसे आपोआपच वेग वाढवतात.

इथे सरासरी काढून थांबू नका. सरासरीवर वेळ ठरवली तर जवळपास निम्मे लोक मागे राहतात. वाहतूक अभियंते सहसा सर्वांत हळू 15 टक्क्यांच्या सीमेवरचा वेग बघतात. 20 जणांत तो हळू चालणाऱ्यांकडून तिसरा. तो 0.7 निघाला तर 14 मीटरला 20 सेकंद. मागणीचा आकडा हाच.

चौकात उभे राहून तीन गोष्टी मोजा: लाल दिवा लागला तरी रस्त्यात असलेले, अर्ध्यातून परतलेले आणि पुढच्या फेरीसाठी थांबलेले ज्येष्ठ. मात्र या मोजणीत एक मोठी खोट आहे. ज्यांना हा चौक झेपत नाही ते तिथे येतच नाहीत. ‘इथे ज्येष्ठ फारसे दिसत नाहीत’ हे कार्यालयाचे म्हणणे त्यामुळे खरेही असते आणि दिशाभूल करणारेही. त्यांना शोधायला घरोघर जावे लागते. तिथे ‘त्रास होतो का?’ विचारले तर ‘नाही हो, चाललंय’ असेच उत्तर येणार. विचारा, ‘मागच्या वेळी एकटे पलीकडे कधी गेला होतात? आता औषधे कोण आणतं?’ उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपा. नाव आणि पत्ता अर्जात घालू नका.

अर्ज एका पानाचा असावा: चौक, खांबावरचा क्रमांक असल्यास तो, सध्याची वेळ, हवी असलेली वेळ. मागे मोजणीचा तक्ता आणि चेहरे न दिसणारे दोन-तीन फोटो. पोच घेतल्याशिवाय निघू नका. सह्या त्या चौकातून जाणाऱ्यांच्याच घ्या. एकाच हस्ताक्षरातल्या दहा सह्या दिसल्या की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो.

नकाराचे कारण बहुधा एकच असते: सिग्नलची पूर्ण फेरी 90 सेकंदांची, मग वाढीव 8 आणायचे कुठून? प्रश्न वाजवी आहे, तेव्हा उत्तर घेऊनच जा. कमी वर्दळीच्या बाजूचे काही सेकंद कापता येतात, किंवा वाहने सोडण्याआधी पादचाऱ्यांना तीन ते सात सेकंद आधी सोडता येते. हा दुसरा उपाय वळणाऱ्या गाड्यांपासून वाचवतो, पण रस्ता रुंद असेल तर एकटा पुरत नाही. मध्ये थांबायला बेट सुचवले गेले, तर ते निदान दोन मीटर रुंद असावे आणि धरायला कठडा हवा. अरुंद बेटावर वाहनांच्या मध्ये अडकून उभे राहण्यापेक्षा बेट नसलेले बरे.

अर्जावर बैठक ठरली तर तिथे दोन-तीन ज्येष्ठांना स्वतः बोलू द्यात, प्रत्येकी दोन मिनिटे. बैठकीची वेळ दिवसाची मागा. लिफ्ट, स्वच्छतागृह आणि पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आहेत का ते आधी बघून या.

वेळ वाढली की त्याच दिवशी पुन्हा मोजा आणि महिन्याभराने परत एकदा. सिग्नलची पेटी बदलली किंवा वेळापत्रक नव्याने भरले की जुनी वेळ परत येऊ शकते, आणि ते कोणी कळवत नाही.